ढमीचा बाबा

१

बायको बस चालवते. पहिली पाळी असली की उजाडायच्या आत घराबाहेर पडते. निघताना ढमीच्या खोलीच्या दारात उभी राहून एक पापा हवेत सोडते, आत मात्र जात नाही. ढमी जागी झाली तर गळा सोडायची नाही आणि पहिली फेरी बोंबलायची. त्यानंतर दुपार कलेपर्यंत घरात आम्ही दोघंच, मी आणि ढमी.

ढमी आमची मुलगी. कागदोपत्री तिला एक भारदस्त नाव आहे, पण जन्मल्यावर तिचे गाल बघून माझा मेहुणा म्हणाला, "ही तर ढमी आहे!" आणि तेच चिकटलं. हे सगळं सुरू झालं तेव्हा ती वर्षाची व्हायला आली होती. धरून उभी राहायची, रांगत नको तिथे पोचायची, बोलत मात्र नव्हती.

माझं काम घरूनच चालतं. सभांची, मुलाखतींची रेकॉर्डिंग येतात, ती कानाला लावून ऐकायची आणि शब्द न शब्द टाइप करून द्यायचा. जिथे ऐकू येत नाही तिथे 'अस्पष्ट' असं लिहायचं. माझ्या कागदात 'अस्पष्ट' फार क्वचित सापडतं, म्हणून ऑफिसातले मला कानसेन म्हणतात. बाहेरच्या खोलीत खिडकीशी माझं टेबल. तिथून एक अरुंद पॅसेज निघतो, डाव्या हाताला स्वयंपाकघर, टोकाला ढमीची खोली. तिच्या कठड्याच्या खाटेजवळ बेबी मॉनिटरची एक डबी, दुसरी माझ्या टेबलावर. तिकडे ती कुशीवर वळली तरी इकडे मला कळतं.

गेम मेहुण्यानेच माझ्या कंप्युटरवर टाकून दिला. "भावजी, खेळून बघा. पोरं वाढवायची प्रॅक्टिस होईल." त्याचं स्वतःचं अजून लग्नही व्हायचंय. अशा लोकांना दुसऱ्यांच्या पोरांविषयी फार सुचतं.

गेम म्हणजे काय, तर एक घर मांडायचं, त्यात माणसं बनवून ठेवायची आणि त्यांना जगवायचं. मी एक माणूस बनवला, साधारण माझ्यासारखा, पण जरा हौस करून. पोट आत, केस पुढपर्यंत, मला जन्मात शोभला नसता असा हिरव्या-पिवळ्या चौकडीचा शर्ट आणि तपकिरी बूट. आवाज जाड-बारीक करायची सोय होती. तो माझ्या आवाजाशी जुळेपर्यंत मी सरकवत बसलो. मग त्याला एक मुलगी दिली आणि तिचे गाल जितके फुगवता येतात तितके फुगवले.

मला गेम आवडला. सांगताना जीभ जड होते, पण फार आवडला. तिथल्या मुलीच्या डोक्यावर छोटे पट्टे असतात: भूक, झोप, अंघोळ, माया. पट्टा उतरला की लाल होतो. मग आपण तिच्यावर टिचकी मारून 'भरव' किंवा 'कुशीत घे' निवडायचं. चौकडीचा शर्ट हातातलं टाकून लगेच जातो, पट्टा हिरवा होतो आणि दोघांच्या डोक्यावर चांदण्या उडतात. केलेली माया पोचली की नाही, ते तिथे दिसतं. इकडे मी ढमीला केळं भरवायला बसलो की निम्मं माझ्या बाहीवर, निम्मं भिंतीवर, आणि वर ती अशी किंचाळायची की ऐकणाऱ्याला वाटावं मी विष घालतोय. एकदा वैतागून मी चमचा आपटला होता. ती दचकून गप्प झाली होती. तिकडच्या मुलीसमोर मी कधी काही आपटलं नाही. तिकडे मी फार चांगला बाप होतो.

२

एका सकाळी डबीतून ढमीचं रडणं ऐकू आलं. नेमका तेव्हा तिकडचा मायेचा पट्टाही लाल झालेला. एवढं एक करून उठू म्हणून मी 'कुशीत घे' दाबलं. चौकडीचा शर्ट वाकला, त्याने मुलीला उचललं, चांदण्या उडाल्या.

आणि डबी गप्प झाली.

रडं हळूहळू विरत जातं. आधी हुंदके, मग मुसमुस, मग नाक ओढणं. हे तसं झालं नाही. कुणीतरी उचलून घेतल्यावर जसं तोंड मिटतं तसं एकदम झालं. मला बरंच वाटलं. आपोआप झोपली, म्हटलं, आणि आणखी थोडा वेळ खेळलो.

नंतर जाऊन बघितलं तर ढमी उताणी पडून टक्क जागी होती, मजेत. पांघरूण दोन्ही बाजूंनी तिच्याखाली नीट खोचलेलं. मी पांघरूण खोचत नाही, नुसतं टाकतो. यावरून बायकोची बोलणीही खातो. पण पहाटे बायकोने खोचलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ती पहाटे आत जात नाही, हे तेव्हा आठवलं नाही. खरं म्हणजे आठवलं, पण मी ते तसंच सोडून दिलं.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. तिकडे 'भरव' दाबावं आणि इकडे ढमीने बाटलीला तोंड लावू नये, पोट मात्र टम्म. तिकडे 'न्हाऊ घाल' दाबावं आणि इकडे तिच्या टाळूला साबणाचा वास यावा. वास छान होता, फक्त आमच्या साबणाचा नव्हता.

योगायोग म्हणून किती पचवायचं? शेवटी एकदा मी उलटा प्रयोग केला. दोघी एकदमच रडायला लागल्या तेव्हा हात मांडीखाली घालून बसून राहिलो. तिकडच्या मुलीचा पट्टा लाल होऊन लुकलुकत होता. इकडे डबीतला आवाज चढत चढत शेवटी फाटला, मध्ये श्वास अडकला, पुन्हा चढला. मी ऐकत होतो. खात्री करून घेत होतो. पॅसेज ओलांडून जायला किती लागतं? पण मी उठलो नाही. अखेर 'कुशीत घे' दाबलं. डबी जागच्या जागी गप्प झाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

खरं तर त्याच वेळी मी गेम बंद करायला हवा होता. पण त्या दिवशी एक लांबलचक सभा टाइप करून द्यायची होती, आणि घर शांत होतं.

३

"तुझ्याकडे किती शहाण्यासारखी राहते रे," बायको म्हणायला लागली. "डेपोत सगळ्याजणी विचारतात, नवरा कसं निभावतो? मी म्हणते, आमच्याकडे उलटं आहे, तोच आई शोभेल."

मी हसलो.

गेममध्ये वेळ पळवायची सोय असते. एक बाण म्हणजे साधा वेग, तीन बाण म्हणजे सुसाट. काम अंगावर आलं की मी तीन बाण लावून ठेवायचो. माणसं भराभर हलतात, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच भरवून, न्हाऊ घालून, झोपवून होतं. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा डबीतून पावलं ऐकू आली. खाटेपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून खाटेपर्यंत, इतकी भरभर की माणसाच्या पायाला ते जमू नये. आणि त्या पावलांवर ढमीचं हसू, तेही घाईघाईचं, एकात एक घुसलेलं. मी हेडफोन चढवले आणि सभा ऐकत बसलो.

खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. दिवसभर मशीनवर असतात. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरीला फिरवता ते चांगलंच आहे हो. पण घरात बूट घालून कशाला? आणि धावता किती!"

"सांगतो... म्हणजे, नाही धावणार," मी म्हणालो.

"आमच्या ह्यांनी कधी हातात घेतलं नव्हतं पोरांना," त्या म्हणाल्या. "धावा हवं तर. फक्त बूट काढा."

मी खाली बघितलं. कचरा टाकायला उतरलो होतो, पायात रबरी चपला होत्या. माझ्याकडे बूट आहेत, पण ते लग्नकार्यापुरते कपाटात असतात. वर आल्यावर मी ते काढून बघितले. धूळ बसलेली होती. ती पुसून ते परत ठेवले, का कोण जाणे.

त्याच आठवड्यात बायको ढमीची नखं कापत होती. "परवाच तर कापली होती," ती म्हणाली. "आणि हे झबलं बघ, दंडाला रुततंय. नवं आहे." तिने ढमीला उभी धरली, लांबून बघितलं. "किती भराभर वाढतेय. मी एक पाळी करून येते तेवढ्यात वाढते. माझ्या हातून सुटतंच चाललंय रे सगळं."

ती हे हसत म्हणाली, पण नखं गोळा करताना तिने मान वर केली नाही. मी त्या दिवसापासून तीन बाण लावले नाहीत. तेवढंच पुण्य माझ्या नावावर.

४

गेममधली माणसं कुठलीच भाषा बोलत नाहीत. तोंडाला येईल ते बोलतात, म्हणजे कुठल्याही देशातल्या माणसाला चालावं. बाळाला थोपटताना चौकडीचा शर्ट म्हणायचा, "आबी दोला, आबी दो." ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं.

एका दुपारी मी टाइप करत होतो. गेम उघडा होता, पण त्याचा आवाज मी बंद केला होता, हे मला पक्कं आठवतं, कारण हेडफोनमध्ये मुलाखत चालली होती. त्या मुलाखतीत बोलणारा थांबला, आणि त्या थांबण्यात मागून कुठूनतरी आवाज आला. रेकॉर्डिंगमधला नव्हता. हेडफोन काढले तर तो डबीतून येत होता.

"आबी दोला. आबी दो."

मी आयुष्यभर आवाज ऐकलेत. खोलीतलं बोलणं आणि स्पीकरमधलं बोलणं यातला फरक मला झोपेतही कळेल. खोलीत माणूस बोलतो तेव्हा भिंती थोड्या बोलतात, कापड बोलतं. डबीतून येणाऱ्या त्या आवाजाला ढमीची खोली होती. तिच्या पडद्यांनी तो थोडा मऊ केला होता. आणि तो माझा होता. माझाच, फक्त कधी न दमलेला.

मी अनवाणी पॅसेजमधून गेलो. अंतर तेवढंच, पण मध्ये दोनदा थांबलो. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मनात म्हटलं, रेडिओ असेल शेजाऱ्यांचा, या डब्या एकमेकांचं पकडतात, असं वाचलंय कुठेतरी. दार अर्धवट होतं. ढकललं.

ढमी खाटेत कठडा धरून उभी होती, दाराकडे पाठ करून. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खिडकी बंद, पडदा सरळ. ती खाटेच्या पलीकडच्या कोपऱ्यात, माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर बघत होती.

"ढमे," मी हाक मारली.

ती वळली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे दाराकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. खेळ मोडल्यावर पोरांचा पडतो तसा.

५

तिचा पहिला शब्द 'दोला'. बायकोच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, जमिनीवर खेळता खेळता ढमीने दोन्ही हात वर केले आणि पॅसेजच्या तोंडाकडे बघून स्पष्ट म्हणाली, "दोला!"

"बोलली!" बायको जागची उडाली. "दोला? दोला काय गं? बाहुला? डोलायचंय का? बाबा, काय म्हणतेय ती?"

"काय माहीत," मी म्हणालो. "अस्पष्ट आहे."

बायकोने तिला उचलायला हात पुढे केले. ढमीने हात खाली घेतले. बायकोने उचललीच, तर तिने पाठ ताठ केली, मान मागे टाकली आणि जे रडायला लागली ते काही केल्या थांबेना. बायकोने गाणं म्हटलं, तोंडाने बसचा भोंगा वाजवून दाखवला, खिडकीशी नेलं. मग माझ्याकडे दिली. माझ्याकडेही तेच. पण बायकोच्या ते लक्षात आलं नाही, तिला फक्त स्वतःकडचं दिसलं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. भांडी आवरल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. ढमीला तिच्या खाटेत ठेवून मी गेलो तेव्हा बायको ओट्याला टेकून पदराने, हाताने, मिळेल त्याने डोळे पुसत होती.

"मला ओळखत नाही ती," ती म्हणाली. "माझी चूक आहे. उजाडायच्या आत जाते, येते तोवर ती पेंगलेली. कोणाला ओळखणार? मी सोडते गाडी."

"वेडी आहेस का? तुला आवडतं ते."

"आवडतं म्हणून पोर घालवू?"

तिला ही गाडी मिळवायला वर्षं लागली होती. शिकाऊ असताना पुरुष ड्रायव्हर तिच्या गाडीला हसायचे, तेव्हाही ती रडली नव्हती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोंड उघडलं की सगळं बाहेर येईल असं वाटत होतं. मी म्हणालो, "दात येत असतील तिला."

"दात?"

"दात येताना असंच करतात."

तिला ते पटलं. पटवून घेतलं. पॅसेजच्या टोकाला ढमीचं रडणं थांबलं होतं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो. गेम त्या दिवशी मी उघडलाही नव्हता.

६

दुसऱ्या दिवशी, बायको कामावर गेल्यावर मी गेम काढून टाकला. फोल्डरसकट. मेहुण्याला फोन करून पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, पूर्ण कसा जातो. "एवढं काय भावजी, बोअर झाला का?" तो म्हणाला. पुसण्याआधी एकदाच उघडून बघितलं होतं. चौकडीचा शर्ट मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. मी बघतोय म्हटल्यावर त्याने वर बघितलं. गेममधली माणसं कधीकधी वर बघतात, ते तसंच बनवलेलं असतं.

मग रडणं सुरू झालं.

मला वाटलं होतं की एक-दोन दिवस रडेल आणि सवय होईल. ढमी खात नव्हती. बाटली तोंडाला लावली की मान फिरवायची, केळं थुंकून टाकायची. झोप लागायची तीही रडून दमल्यावर. बाकी वेळ कठडा धरून कोपऱ्याकडे बघत उभी, आणि तोच शब्द. आधी हाक मारल्यासारखा, मग विचारल्यासारखा, शेवटी नुसताच, कुणासाठी नाही असा. मी तिला घेऊन अख्खं घर फिरलो. "मी आहे ना," म्हटलं. "बाबा आहे ना ढमे." थोपटलं, गोष्टी सांगितल्या. एकदा तर दार लावून, लाज सोडून, "आबी दोला, आबी दो" म्हणून बघितलं. ती क्षणभर थांबली. माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग आधीपेक्षा मोठ्याने रडायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी कान बघितले, घसा बघितला, पोट दाबून बघितलं. काही नव्हतं. नवे दातही येत नव्हते.

"सांभाळायला कोणी होतं का?" त्यांनी विचारलं. "आजी, मावशी, बाई? एकदम गेलं का कोणी सोडून?"

"नाही हो," बायको म्हणाली. "पहिल्यापासून हिचं सगळं हिचा बाबाच करतो."

"मग नवल आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे आजारी मूल नाही. हिला कुणाचीतरी आठवण येतेय."

ढमी माझ्या मांडीवर होती. माझ्या छातीला टेकायला नको म्हणून पाठ ताठ धरून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी ढमीचे पायमोजे न्याहाळत होतो.

७

"तू आधी काय करायचास?" बायकोने विचारलं. रजा काढून घरी होती, डोळे सुजलेले, केस विंचरलेले नव्हते. ढमीचं वजन उतरलं होतं. गालांची नुसती आठवण राहिली होती. "शांत असायची ना तुझ्याकडे? काहीतरी करत असशील. जे करत होतास तेच कर ना रे. मी बाहेर जाते हवं तर. माझ्यामुळे होत असेल."

"तुझ्यामुळे नाही."

"मग कर ना!"

ती खाली काकूंकडे जाऊन बसली. मी टेबलाशी बसलो. डबीतून ढमीचा घोगरा आवाज येत होता. मी गेम पुन्हा टाकला. नव्याने सगळं मांडावं लागेल, शर्ट शोधावा लागेल, आवाज जुळवावा लागेल, असं वाटलं होतं. पण उघडलं तर घर तसंच होतं. या कंपन्या सगळं कुठेतरी साठवून ठेवतात, असं मी स्वतःला सांगितलं, आणि तसं असेलही.

तो मुलीच्या खोलीत उभा होता. खाट रिकामी होती. मुलगी कुठल्याच खोलीत नव्हती. त्याच्या डोक्यावरचे पट्टे सगळेच्या सगळे लाल. इतके दिवस तो तिथेच उभा असावा, रिकाम्या खाटेशी. मला त्याची भीती वाटायला हवी होती. वाटली ती लाज. तो जसा उभा होता तसं मी कधी कुणासाठी उभं राहिलेलो नाही.

मी काही दाबलं नाही. माझा हात टेबलावरही नव्हता. त्याने वर बघितलं, मग वळला, आपल्याच घराच्या पॅसेजमधून चालत पडद्याच्या कडेपर्यंत आला आणि कडेपलीकडे गेला. पडद्यावर रिकामं घर राहिलं, दिवे लागलेलं.

आमच्या पॅसेजमध्ये, माझ्या पाठीमागे, बूट वाजले.

मी मान वळवली नाही. बूट माझ्यापासून दूर गेले, टोकाकडे. ढमीची हाक अर्धी तोंडातून निघाली आणि मिटली. मग ती हसली. किती दिवसांनी ऐकलं मी ते हसू. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

बऱ्याच वेळाने उठलो. दार बोटभर उघडं होतं. आत दुपारचं ऊन होतं. मला आधी हिरवी-पिवळी पाठ दिसली. तो तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होता, आणि त्याचा पंजा तिच्या पाठीवर एकाच लयीत पडत होता, न चुकता, न थकता. ढमीचा गाल त्याच्या खांद्यावर चपटा झाला होता, डोळे मिटत आले होते. खिडकीशी पोचल्यावर तो वळायला लागला. शर्ट वळला, पण शर्टावरची चौकडी वळली नाही. ती होती तशी सरळच राहिली, खिडकीच्या गजासारखी, आणि शर्ट तिच्या मागून फिरला. आता त्याचा चेहरा येणार होता.

मी दार ओढून घेतलं. हळूच, कडी वाजू न देता. ढमीची झोप मोडू नये म्हणून.

८

बायकोने गाडी सोडली नाही. ढमीचे गाल परत आले. ती खाते, झोपते, भिंत धरून चालते. पुष्कळ बोलते, आम्हाला त्यातलं फारसं कळत नाही. बायको म्हणते, सगळ्याच पोरांची आपली एक भाषा असते, सुटेल हळूहळू. मी सकाळी कंप्युटर चालू करतो, गेम उघडतो आणि खिडकीकडे तोंड करून काम करतो. काही दाबायची गरज पडत नाही.

परवा बायको लवकर आली. ढमीला मांडीवर घेऊन बसली. ढमीही बसली, आता ती आईला घेऊ देते. मी समोरच खुर्चीवर होतो.

"नाक कुठंय?" बायकोने विचारलं. ढमीने नाकावर बोट ठेवलं.

"कान कुठंय?" कानावर बोट.

"आणि बाबा? बाबा कुठंय गं? दाखव बघू बाबा."

ढमीचं तोंड उजळलं. तिने हात लांब केला, माझ्या खांद्यावरून, पॅसेजकडे, टोकाच्या दाराकडे.

"अगं वेडे!" बायको हसली. तिने ते इवलंसं बोट पकडून माझ्याकडे वळवलं. "तिकडे काय? बाबा इकडे नाही का बसलाय?"

"हा काय," मी म्हणालो आणि हात वर केला. "इथं आहे मी."

ढमीने माझ्याकडे बघितलं. थोडा विचार केला. मग, ओळख नसलेल्या पाहुण्याला बरं वाटावं म्हणून घरातली गुणी मुलं हसतात, तशी ती माझ्याकडे बघून हसली.

"बघ," बायको तिचा पापा घेत म्हणाली, "ओळखलं की नाही!"